खंडोजीराव मास्तरांचं एक वाक्य

खंडोजीराव मास्तरांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आमच्या शिवाजीनगरात, पुण्यातल्या नव्हे, इकडच्या कन्नड मुलखातल्या, याच्या बरोबर उलटं सांगणारे लोक आहेत, आणि त्यातले निम्मे माझ्याच दुकानाच्या पायरीवर बसून सांगतात.

माझं दुकान जुन्या सामानाचं. खाटा, कपाटं, खुर्च्या, शाळांनी टाकून दिलेली बाकं, बंद पडलेल्या ऑफिसांची टेबलं. नव्वदीच्या आसपास कॅन्टोन्मेंटमधले जुने बंगले पाडून तिथे अपार्टमेंट उभी करायची घाई सुरू झाली आणि त्या बंगल्यांतलं सागवान माझ्याकडे येऊ लागलं. त्याआधी बारा वर्षं मी डोक्यावरून खाटा पोचवल्या आहेत. मला कोणी हात धरून वर आणलेलं नाही. घासाघीस करत वर आलो, आणि घासाघिशीत मला हरवणारा माणूस अख्ख्या शिवाजीनगरात एकच. तो म्हणजे हा.

मास्तर पहिल्यांदा दुकानात आले ते फळा विकत घ्यायला. अंगाने काडी. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा फुल शर्ट, हातात छत्री, पाऊस असो नसो. अंगावर मांस असं नाहीच, पण जबड्याखाली दोन्ही बाजूंनी कातडी अशी लोंबायची, की वाटावं, देवाने सगळा माल तिथेच उतरवून ठेवलाय. कॅन्टोन्मेंटमधल्या एका शाळेत तीस वर्षं इंग्लिश शिकवून निवृत्त झालेले. दहा मिनिटं आम्ही कन्नडमध्ये बोललो. मग सुलू, माझी बायको, आतून मला मराठीत काहीतरी ओरडली ते ऐकून ते म्हणाले, "अरे, म्हणजे आपण घरचेच की." त्यांचं घराणंही आमच्यासारखंच तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर इकडे आलेलं. फौज परत गेली, आम्ही राहिलो.

मी फळ्याचा भाव सांगितला. मास्तर म्हणाले, "सरी."

म्हणजे, ठीक आहे. संपलं. मला आयुष्यात असा अपमान कोणी केला नव्हता. मी दुप्पट सांगितला होता, कारण समोरचा निम्म्यावर येणार हे गृहीत धरलेलं असतं. हा माणूस छत्री बगलेत धरून शांत उभा. मला राहवेना. मी म्हटलं, "मास्तर, फळ्याचा एक कोपरा उडालाय, बघा तरी." ते म्हणाले, "दिसतोय." मी म्हटलं, "मग थोडं कमी करतो." "सरी." त्यांनी छत्री दुसऱ्या बगलेत घेतली. मी म्हटलं, "चौकटही एका बाजूने डुगडुगते." अशा रीतीने मी स्वतःशीच घासाघीस करत निम्म्याच्याही खाली आलो, आणि त्यांनी सगळ्या वेळात दोनदा सरी म्हटलं. त्याच दिवशी मी ओळखायला हवं होतं.

फळा घेतला, पण तो टांगायला भिंत नव्हती. दुकानाच्या वरची माझी खोली तेव्हा रिकामी होती. मास्तरांनी तिच्याकडे एकदाच वर पाहिलं आणि समोरच्या हॉटेलातून बाय-टू कॉफी मागवली. एक कॉफी, दोन पेल्यांत अर्धी अर्धी. आमच्या शहरात मोठमोठे व्यवहार या अर्ध्या पेल्यावर होतात. मास्तर मात्र एकटे असले तरी बाय-टूच मागवायचे. एक पेला स्वतः प्यायचे, दुसऱ्यावर बशी झाकून ठेवायचे. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणायचे, "येईल कोणीतरी." आणि यायचंच. बहुतेक वेळा मीच.

माझी गरज तेव्हा एकच होती. मुलगी मंजुळा, आमची मंजू, चार वर्षांची होत आली होती, आणि मला तिला पलीकडच्या रस्त्यावरच्या कॉन्व्हेंटमध्ये घालायचं होतं. त्या शाळेत मुलांची परीक्षा नसायची, आईबापांची असायची. सिस्टर समोर बसवून इंग्लिशमध्ये प्रश्न विचारायच्या, आणि आईबाप गडबडले की मुलाचं नाव कापलं जायचं. मुलीला अक्षर येत नाही म्हणून ती नापास झाली तर समजू शकतो. बापाला येत नाही म्हणून ती नापास, हा कुठला न्याय, ते मला अजून कळलेलं नाही. पण शाळा त्यांची. मी सागवान विकतो, ते सीट देतात. भाव त्यांनी ठरवायचा.

सौदा असा ठरला: खोली मास्तरांना वर्गासाठी, भाडं नाही. बाकंही माझी. बदल्यात मला आणि सुलूला त्या मुलाखतीसाठी तयार करायचं, आणि मंजूला सीट मिळवून द्यायची.

मास्तर पेला खाली ठेवत म्हणाले, "तयार करीन."

मी म्हटलं, "आणि सीट."

"सरी," ते म्हणाले.

हे सरी मी ऐकलं आहे. सुलूने ऐकलं आहे. हॉटेलातला पोऱ्या रिकामे पेले न्यायला उभा होता, त्यानेही ऐकलं आहे.

जिन्याशी पाटी लागली: के. राव, इंग्लिश. सकाळी सहा ते आठ. खोली दहा बाय बारा. आठवडाभरात तिथे तीसेक माणसं बसायला लागली. माझी बाकं तिघांची. त्यावर मास्तर पाच पाच माणसं बसवायचे, नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे. त्यांचा एक नियम होता: एका भाषेची दोन माणसं शेजारी बसायची नाहीत. तमिळच्या शेजारी तेलुगू, तेलुगूच्या शेजारी दखनी बोलणारा, त्याच्या शेजारी मल्याळी. "आपल्या भाषेचा शेजारी मिळाला की माणूस आपल्याच भाषेत रडतो," ते म्हणायचे. "दुसऱ्याचा मिळाला की निदान इंग्लिशमध्ये रडेल." सुलू एका बँकेतल्या शिपायाच्या तमिळ बायकोजवळ. माझ्या एका बाजूला भिंत, ती मी भांडून मिळवली. दुसऱ्या बाजूला मुनियप्पा.

मुनियप्पा आनेकलकडचा. तिथल्या एका कारखान्यात लेथवर काम करायचा. बायकोचं माहेर इकडचं म्हणून शिवाजीनगरात राहायचा, आणि राहायचा तो माझ्याच दुकानामागच्या एका खोलीत, माझा भाडेकरू म्हणून. रोज बसने आनेकलला जाऊन येऊन. अंगाला लेथच्या तेलाचा वास. इंग्लिश बोलताना तो आधी डोळे मिटायचा, मग शब्द एकेक करून बाहेर काढायचा, जणू विहिरीतून. मी मास्तरांना म्हटलं, "मला पुढे एकट्याला बसवा. जागा माझी आहे."

मास्तर म्हणाले, "जागा तुमचीच, अण्णा. शेजार माझा."

शिकवायची तऱ्हाही तशीच. व्याकरण नाही. "व्याकरण म्हणजे पोलीस. आधी रस्त्यावर तर या, मग तो भेटेल," असं म्हणून त्यांनी पाच महिन्यांत पोलिसाचं तोंड दाखवलं नाही. आठवड्याला एक वाक्प्रचार. सोमवारी फळ्यावर लिहायचा, शनिवारी पुसायचा. मी म्हणायचो, मास्तर, सिस्टर विचारणार तुमचं नाव काय, धंदा काय, मुलगी काय खाते. त्याची उत्तरं शिकवा. ते म्हणायचे, "तुमचं नाव तुम्हाला येतं. मुलगी काय खाते ते अक्कांना माहीत आहे." अक्का म्हणजे सुलू. वर्गात ती कधी तोंड उघडायची नाही. मास्तर रोज तिच्यासमोर उभे राहायचे. "बोला, अक्का." ती मान हलवायची. ते म्हणायचे, "सावकाश. मी उद्या पण आहे."

मग तो आठवडा आला. फळ्यावर मास्तरांनी लिहिलं: चीक बाय जाउल.

चीक म्हणजे गाल, हे कोणीतरी सांगितलं. जाउल म्हणजे काय, ते कोणालाच येईना. मास्तरांनी जबड्याखालची लोंबती कातडी चिमटीत धरली आणि ओढली. वर्गातल्या बायका हसल्या. ते म्हणाले, "हे. आता सांगा, गाल कुठे संपतो आणि हे कुठे सुरू होतं? बोट ठेवून दाखवा." प्रत्येकाला त्यांनी पुढे बोलावलं. बँकेतल्या शिपायाने त्यांच्या तोंडावर एका जागी बोट ठेवलं, मुनियप्पाने डोळे मिटून दुसऱ्या. मी म्हटलं, हद्द मोजायला टेप आणू का. मास्तर म्हणाले, "तेच तर. हद्द नाही. इतकी जवळ असलेली, पण एकमेकांसारखी नसलेली दोन माणसं, दोन घरं, दोन दुकानं, त्यांच्यासाठी हे आहे."

एकाने विचारलं, "सर, बसमध्ये गर्दी असते, तिथे चालेल?"

"बसला नको," मास्तर म्हणाले. "डब्यात भरलेल्या माशांचं एक वेगळं आहे, ते बसला लावा. बसमधला माणूस पुढच्या स्टॉपला उतरतो. हे उतरता न येणाऱ्यांचं."

"म्हणजे प्रेमाने राहतात असं?"

"प्रेम, भांडण, ते यात काही सांगितलेलं नाही. फक्त अंतर सांगितलंय."

गृहपाठ दिला: शिवाजीनगरात फिरा आणि अशा जोड्या आणा. मी मन लावून पाच जोड्या आणल्या. मशिदीची भिंत आणि बांगड्यांचं दुकान. जुन्या मोटारी कापायचं वर्कशॉप आणि फुलांची टोपली. बस स्टँडचं गटार आणि ज्यूसवाला. दोन अजून होत्या. मुनियप्पाने एकच आणली. डोळे मिटून म्हणाला, "माझी चूल आणि अण्णांचं कपाट." त्याच्या खोलीची भिंत माझ्या गोदामाची भिंत आहे, खरं आहे. त्यांच्या चुलीच्या धगीने माझ्या एका कपाटाचं पॉलिश गेलं, त्यावरून आमचं भांडणही झालं होतं. मास्तर त्याला म्हणाले, "पहिला नंबर." मी विचारलं, पाचाला दुसरा नंबर आणि एकाला पहिला, हा कुठला हिशेब? ते म्हणाले, "अण्णा, तुमच्या पाचांत तुम्ही कुठेच नाही."

शाळेचे अर्ज मिळायचा दिवस आला. मी पहाटे पाचला शाळेच्या कंपाउंडपाशी गेलो, पहिला नंबर लावायला. माझ्यापुढे सतरा माणसं. पहिला बँकेतला शिपाई. दुसरा आमच्या वर्गातला मल्याळी. तिसरी त्याच्या मागच्या बाकावरची बाई. मी मागे वळून पाहिलं, तर मागूनही वर्गच येत होता. अख्खा वर्ग शाळेच्या भिंतीला चिकटून उभा, आणि माझ्या पाठीशी तेलाचा वास.

मुनियप्पा म्हणाला, "गुड मॉर्निंग, अण्णा. माय डॉटर, गिरिजा. सेम एज."

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. पाच महिने मला वाटत होतं की ही माणसं नोकरीसाठी इंग्लिश शिकतायत. लेथवाल्याला इंग्लिश कशाला लागतं हे मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्याच्याशी बोलायचंच नाही असं माझं ठरलं होतं. म्हणजे माझ्या खोलीत, माझ्या बाकांवर, माझ्याच मुलीच्या सीटचे एवढे गिऱ्हाईक मास्तरांनी तयार केले होते. एखाद्याने माझ्याच दुकानात बसून माझ्या सागवानाचा भाव पाडावा, तसं.

अर्ज घेऊन मी तडक वर गेलो. मास्तर फळा पुसत होते.

"मास्तर, हे सगळे त्याच शाळेत?"

"दुसरी शाळा जवळ कुठे आहे?"

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही."

"मी खोली दिली ती काय यांच्यासाठी?"

त्यांनी फडकं झटकलं. "अण्णा, खोलीत तुम्ही एकटे असता तर इंग्लिश कोणाशी बोलला असता? कपाटांशी?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही, कारण हे बायकामुलंही वाचतील. मास्तरांनी ऐकून घेतलं, बशी काढून दुसरा पेला माझ्यापुढे सरकवला. कॉफी पिता पिता माझं डोकं चालायला लागलं. ओरडून झाल्यावर ते नेहमी चालतं. मी आवाज खाली आणून म्हटलं, "बरं. झालं ते झालं. आता मला एक वाक्य द्या. असं, की सिस्टर खूश झाल्या पाहिजेत. आणि ते दुसऱ्या कोणालाही द्यायचं नाही. फक्त मला."

मास्तरांनी फडकं खाली ठेवलं. मग मागच्या आठवड्याचा वाक्प्रचार घालून एक वाक्य कागदावर लिहून दिलं. वुई लिव्ह चीक बाय जाउल विथ ऑल काइंड्स ऑफ पीपल, सिस्टर, सो अवर डॉटर फिअर्स नोबडी. आम्ही सगळ्या तऱ्हेच्या माणसांच्या गालाला गाल लावून राहतो, म्हणून आमची मुलगी कोणाला भीत नाही.

मी ते वाक्य आठ दिवस घोकलं. पॉलिश करताना, जेवताना, गिऱ्हाइकाला नाही म्हणताना. सुलूला पण सांगितलं नाही. बाहेर फुटायला नको.

मुलाखतीच्या सकाळी शाळेच्या व्हरांड्यात आम्ही रांगेने बसलो. बाकं अस्सल सागवानाची होती, एका फळीची, एवढं मी पाहून ठेवलं. एकेक जोडपं आत जायचं, बाहेर यायचं, आणि कोणाकडे न बघता निघून जायचं. माझा नंबर आला. सिस्टर म्हाताऱ्या, चष्मा नाकाच्या टोकाला. मंजू सुलूच्या मांडीवर. सिस्टरनी नाव विचारलं, सांगितलं. धंदा विचारला, सांगितला. मग विचारलं, "अँड व्हेअर डू यू लिव्ह?"

मी घसा साफ केला. "वुई लिव्ह चीक बाय जाउल..."

"विथ ऑल काइंड्स ऑफ पीपल," सिस्टरनी पेन खाली ठेवलं, "सो अवर डॉटर फिअर्स नोबडी. येस. सकाळपासून हेच ऐकतेय."

हे मात्र त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणून मला पूर्ण कळलं. माझ्या कानशिलातून वाफ गेली. माझ्या आधीच्या प्रत्येक बापाने हेच वाक्य म्हटलं होतं. प्रत्येक जण मास्तरांकडे गुपचूप गेला होता, प्रत्येकाने फक्त मला द्या म्हटलं होतं, आणि त्या माणसाने प्रत्येकाला सरी म्हणून हेच लिहून दिलं होतं.

सिस्टर रागावल्या नव्हत्या. चष्मा वर सरकवून त्यांनी कन्नडमध्येच विचारलं, "ठीक आहे. सगळ्या तऱ्हेची माणसं. त्यातल्या एकाचं नाव सांगा. त्याच्याबद्दल काहीतरी सांगा. कुठल्याही भाषेत."

एवढाच प्रश्न. आता माझ्या शेजारचं सगळ्यात जवळचं माणूस कोण, तर मुनियप्पा. आणि मुनियप्पा बाहेर बाकावर बसलेला, माझ्या मागोमाग आत येणारा. मी धंदेवाला आहे. ज्याच्याशी चढाओढ आहे त्याचं नाव गिऱ्हाइकासमोर घ्यायचं नाही, एवढं मला डोक्यावर खाट होती तेव्हापासून कळतं. सुलूने तोंड उघडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा. मी टेबलाखाली तिचा पाय दाबला.

मी म्हटलं, "नोबडी स्पेशल, सिस्टर."

त्यांनी मंजूच्या गालाला हात लावला आणि पुढच्या नावाची खूण केली.

चार दिवसांनी यादी लागली. आमच्या वर्गातली तीन नावं होती. मंजूचं नव्हतं. गिरिजाचं होतं. संध्याकाळी मुनियप्पा केळी आणि फुलं घेऊन दारात आला. मी कपाटाला सँडपेपर मारत होतो, मान वर केली नाही. तो सुलूला कन्नडमध्ये सांगायला लागला. "अक्का, मी पण तेच वाक्य म्हटलं. अर्धंच आलं, पुढचं विसरलो. सिस्टरनी विचारलं, एकाचं नाव सांगा. मी अण्णांचं सांगितलं."

सँडपेपर थांबला.

"म्हटलं, पुढे फर्निचरवाले अण्णा राहतात. खूप ओरडतात. रोज सकाळी ओरडतात, त्याने आमची गिरिजा उठते. एकदा चुलीवरून भांडण झालं तेव्हा माझं सामान बाहेर काढतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी गिरिजासाठी छोटी खुर्ची आणून ठेवली, पाय नवीन लावून. ठेवली आणि काही न बोलता गेले. सिस्टर हसल्या, म्हणाल्या, त्या खुर्चीचा रंग कोणता?" मुनियप्पा माझ्याकडे वळला. "मी निळा सांगितला, अण्णा. निळाच ना?"

निळाच होता. माझ्या मुलीची सीट माझा भाडेकरू घेऊन गेला, आणि तीही मला विकून.

रात्रभर थांबायचा धीर नव्हता, तसाच वर गेलो. मास्तर एकटेच होते, छत्री मांडीवर घेऊन. त्यांना यादी माहीत होती.

मी म्हटलं, "सगळ्यांना एकच वाक्य दिलंत."

"प्रत्येकाने फक्त त्याच्यासाठी मागितलं होतं. मी तरी प्रत्येकासाठी वेगळं खोटं कुठून आणू? हे एकच सगळ्यांसाठी खरं होतं."

"आपला सौदा सीटचा होता. वाक्याचा नव्हता. सरी म्हणालात तुम्ही."

मास्तरांनी जबड्याखालची कातडी चिमटीत धरली. मग म्हणाले, "म्हणालो. म्हणायला नको होतं."

"मग?"

"अण्णा, अक्का बोलल्या का आत?"

मला तेव्हा त्यांचा सगळ्यात जास्त राग आला. मी खाली उतरलो. मी त्यांना जा म्हटलेलं नाही, हे इथे स्पष्ट करतो. मी फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याला कुलूप लावलं. तीस माणसं सहाला आली, थोडा वेळ उभी राहिली, गेली. मास्तरांनी कुलपाकडे बघितलं, कुलूप पितळेचं होतं आणि चांगलं होतं, आणि छत्री बगलेत धरून चालू लागले. फळा न्यायलाही आले नाहीत. पंधरा दिवसांनी मी वर गेलो तर बाकं भिंतीशी नीट रचलेली, एकही पाय हललेला नाही. लोक म्हणतात, मी मास्तरांना देशोधडीला लावलं. माझ्या मालाला एक ओरखडा नव्हता, आणि तो फळा मी अजून विकलेला नाही, एवढंच म्हणतो.

शेवटचे ते मला शहराच्या दुसऱ्या टोकाला, जे. पी. नगरात दिसले, चारएक वर्षांनी. पुण्याहून आलेलं एक जोडपं तिथे पाचव्या मजल्यावर राहायला आलं होतं, दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. त्यांना माझ्याकडचं आरशाचं कपाट हवं होतं. मी टेम्पोतून ते उतरवत होतो तेवढ्यात लिफ्टमधून मास्तर बाहेर आले. बरोबर तीन-चार तरुण पोरं, गळ्यात कंपनीचे बिल्ले. मास्तर आता त्यांना कन्नड शिकवत होते. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी बोलण्यापुरतं. एक मुलगी त्यांच्या मागे मागे विचारत होती, "सर, ॲक्चुअली 'थोडं कमी करा' कसं म्हणायचं?"

"स्वल्प कम्मी माडी," मास्तर म्हणाले, आणि मला पाहून थांबले. छत्री तीच. शर्टाची कॉलर उलटून शिवलेली.

चार वर्षं मी त्यांच्यासाठी शब्द जमवून ठेवले होते. चांगले धारदार. मास्तरांनी आधी विचारलं, "मंजू कशी आहे?"

"शाळेत जाते."

"कुठल्या?"

मी सांगितलं. आमच्याच गल्लीच्या दुसऱ्या टोकाची, पत्र्याच्या छपराची. त्यांनी मान डोलावली.

"त्या वर्षी जागा कमी होत्या, अण्णा."

"जागा नेहमीच कमी असतात. म्हणून तर तुमच्याकडे आलो होतो."

हमालांनी कपाट लिफ्टपाशी आणलं. ते आडवं आत जाईना, उभं केलं तर वरून घासेल की काय, म्हणून मी तिकडे बघायला वळलो, ओरडलो, एक कोपरा वाचवला. परत पाहतो तर मास्तर फाटकापर्यंत पोचले होते. ती मुलगी अजून काहीतरी विचारत होती, आणि ते थांबून, तिच्या वहीत वाकून, तिला लिहून देत होते. वळून पाहिलं नाही त्यांनी. मी हाक मारली नाही, कारण हातात कपाट होतं.

त्यांना पुन्हा कोणी पाहिलेलं नाही. कोणी म्हणतं मुलीकडे धारवाडला गेले, कोणी आणखी काही म्हणतं. कुठेही असोत, हे त्यांच्या कानावर घालायला कोणीतरी असेलच, कारण त्यांचे विद्यार्थी सगळीकडे आहेत. तर त्यांना सांगा. मुनियप्पा अजून मागच्याच खोलीत राहतो. रोज सकाळी साडेआठला गिरिजा आणि मंजू हात धरून माझ्या दुकानातून बाहेर पडतात, रस्त्याच्या कडेपर्यंत बरोबर जातात, आणि तिथे हात सोडतात. एक टाय लावून पलीकडे जाते. एक इकडे वळते. परवा मंजूने मला विचारलं, "अप्पा, मी पण गेले होते ना तिथे? मग मला का नाही घेतलं?" सुलू आतून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, गिऱ्हाईक आलंय, नंतर सांगतो.

मी सौदा केला होता, आणि समोरच्याने सरी म्हटलं होतं. उत्तर द्यायची जबाबदारी माझी नाही. मास्तरांनी यावं, साडेआठच्या आधी यावं, माझ्या दाराच्या पायरीवर उभं राहावं, आणि त्या मुलीला सांगावं. इंग्लिशमध्ये नको. तिला कळेल अशा भाषेत.